क्रेव्हासमध्ये अडकलेली ट्रॅकची गाडी बाहेर कशी काढायची

गाडी क्रेव्हासमध्ये, म्हणजे हिमनदीच्या भेगेत, जाते तेव्हा मोठा आवाज होत नाही. गादीवर पोतं टाकल्यासारखा दबका 'धप्प' ऐकू येतो, सीट खालून निसटल्यासारखी वाटते आणि गाडी कलून थांबते. लक्षात राहते ती त्यानंतरची शांतता. इंजिन चालू असतं, वायपर फिरत असतो आणि कुणीच बोलत नाही.

ध्रुवीय मोहिमेवर पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहितोय. तुम्ही मोहिमेचे प्रमुख नसणार, मेकॅनिकही नसणार. कुणीतरी तुमच्या हातात फावडं देईल आणि उभं राहायची जागा दाखवेल. काम कोणत्या क्रमाने चाललंय आणि का, एवढं कळलं तरी तुमचा उपयोग दुप्पट होतो. दोराचं आणि भेगेतून माणूस वर काढण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. ते घेतल्याशिवाय यातलं काहीही करायला जाऊ नका.

नवख्यांच्या डोक्यात साधारण एकच चित्र असतं: मागे दुसरी गाडी जोडायची, गिअर टाकायचा, ओढायचं. खरं तर ओढणं हे शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्याआधी सात-आठ तास, कधी दोन दिवस, नुसतं खोदकाम चालतं. माणसं सुखरूप बाहेर आली की गाडीला कसलीही घाई नसते. घाई आपल्याला असते, आणि दुसरी गाडी भेगेत जाते ती बहुधा त्यापायी.

आधी जमीन समजून घ्या

मराठीत भुसभुशीत असो की निळा टणक, सगळ्याला आपण बर्फच म्हणतो. इथे फरक करावा लागतो, म्हणून वरचा साचलेला, दाबला जाणारा तो हिम आणि खालचा हिमनदीचा टणक तो बर्फ.

हिमनदी उंचवट्यावरून जाते किंवा तिचा एक भाग दुसऱ्यापेक्षा वेगाने सरकतो, तेव्हा वरचा ठिसूळ थर ताण सोसू शकत नाही आणि फाटतो. हीच क्रेव्हास. वारा तिच्या दोन्ही काठांवर हिम रचत जातो, दोन्हीकडून छज्जे वाढतात आणि मध्ये येऊन मिळतात. वरून पाहाल तर सपाट मैदान. या छपराला हिमपूल म्हणतात. तो काठाशी जाड आणि मध्यावर पातळ असतो. म्हणून पुष्कळदा गाडीचं नाक पलीकडे पोचतं आणि शेपूट खाली जाते, किंवा पहिली गाडी सुखरूप जाते आणि तिच्याच चाकोरीतली दुसरी अडकते.

ट्रॅकच्या, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या, गाडीबद्दल एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. पट्टे रुंद असल्यामुळे गाडीचा जमिनीवरचा दाब कमी असतो. हॅगलंड्सच्या बीव्ही २०६ सारख्या गाडीचा दाब उभ्या माणसाच्या बुटाखालच्या दाबापेक्षाही कमी भरतो. पण पूल तुटतो तो एकूण वजनानेही, आणि ते काही टन असतं. याचे दोन अर्थ निघतात. माणूस चालत गेला म्हणून गाडी जाईल असं नाही. आणि गाडी जिथे उभी आहे तिथे माणूस उतरला तर तो आरपार जाणार नाही, असंही नाही. दुसरा अर्थ लोक विसरतात आणि दार उघडून टुणकन खाली उडी मारतात.

पहिली पाच मिनिटं

हलू नका. ट्रॅक फिरवून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा. फिरणारा पट्टा खालचं उरलंसुरलं हिम खरवडून टाकतो आणि गाडी आणखी बसते. इंजिन बंद करा. एक तर कंप थांबतो. शिवाय एक्झॉस्ट हिमात गाडला गेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये भरू लागतो, आणि त्याला वास नसतो.

आत कोण कसं आहे ते नाव घेऊन विचारा. मग रेडिओ. बाहेर पडायची वाट ठरवायची ती गाडी जिकडून आली त्या बाजूची, कारण तेवढ्या जमिनीने नुकतंच तिचं वजन पेललेलं असतं. ध्रुवीय कामाच्या अनेक गाड्यांना छतात झडप असते, ती याचसाठी. हार्नेस (कंबर-मांड्यांभोवतीचे सुरक्षा पट्टे) घातलेला, दोर बांधलेला आणि तो दोर बाहेर कुणीतरी धरलेला, असं झाल्यावरच एकेकाने निघायचं. क्रेव्हासच्या मुलखात हार्नेस गाडीतही अंगावरच ठेवायचा. अर्धवट कललेल्या केबिनमध्ये, जाड जॅकेटवरून मांडीचे पट्टे शोधत बसणं कसं असतं हे एकदा अनुभवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

मागच्या गाडीतल्यांसाठी नियम सोपा आणि पाळायला अवघड: जिथे आहात तिथेच थांबा. भेगा एकट्यादुकट्या नसतात, एकीला समांतर दुसरी असतेच. मदतीला म्हणून शेजारी येऊन गाडी लावणं ही सर्वांत वाईट मदत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा लेख तोंडाशी अडकलेल्या गाडीबद्दल आहे. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये हॅली बे या ब्रिटिश तळावरून निघालेला एक मस्केग ट्रॅक्टर क्रेव्हासमध्ये सरळ खाली गेला आणि आतले तिघे दगावले. चौथा वाचला, कारण तो मागच्या स्लेजवर बसला होता. अशा खोलीतून गाडी काढण्याचा प्रश्नच येत नाही.

मुक्काम आणि प्रोब

माणसं बाहेर आली की पहिलं काम स्टोव्ह पेटवण्याचं. हसू नका. पुढचे आठ तास घाम गाळायचाय, आणि घामेजलेला माणूस वाऱ्यात थांबला की गार पडायला वेळ लागत नाही. तंबू कुठे लावायचा तेही तपासूनच ठरतं. तळाला कळवायचं: जागा, माणसांची स्थिती, इंधन गळतंय का, पुढच्या दोन दिवसांचं हवामान कसं आहे.

मग प्रोब. ही साधारण तीन मीटरची, जोडत जाणारी सळई. दोराला बांधलेला माणूस दर अर्ध्या मीटरवर ती सरळ खाली दाबत जातो. हाताला काय लागतं ते शब्दांत पकडणं कठीण आहे, पण प्रयत्न करतो. चांगल्या जागी सळई रुसल्यासारखी जाते: थोडी सैल, मग एक कडक पापुद्रा, पुन्हा सैल, मग आणखी कडक. भेगेवर असाल तर विरोध वाढत जातो आणि एकदम काहीच उरत नाही, हात खांद्यापर्यंत खाली जातो. अंधारात जिना उतरताना पायरी चुकावी तसं पोटात होतं. तिथे झेंडा लावायचा. अमेरिकी तळांच्या वाटांवर लाल आणि हिरवे झेंडे सुरक्षित रस्ता दाखवतात, काळा झेंडा धोका. तुमच्या मोहिमेची पद्धत वेगळी असली तर ती पाठ करा.

रडार असेल तर उत्तम. गाडीच्या पुढे लांब दांड्यावर अँटेना बसवून जमिनीखालचं चित्र काढतात. ४०० मेगाहर्ट्झची अँटेना यासाठी पुष्कळ वापरली जाते. भेग पडद्यावर कमानीसारख्या वक्र रेषांनी ओळखू येते. मॅकमर्डो या अमेरिकी तळाहून दक्षिण ध्रुवाकडे जाणारी मालवाहू वाट अशीच तयार झाली: रडारने भेगा शोधल्या, त्यांची छपरं सुरुंगाने उडवली आणि बुलडोझरने हिम लोटून त्या भरून काढल्या. तरीही रडारनंतर प्रोब लागतोच.

प्रकाशाचंही बघा. ढगाळ हवेत सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं होतं, सावली पडत नाही, पायाजवळचा खड्डा दिसत नाही. अशा वेळी तंबूत बसावं. उन्हाळ्यात सूर्य मावळत नसला तरी घड्याळाच्या रात्री तो खाली असतो. सावल्या लांब पडतात, किंचित खचलेला हिमपूल दिसू लागतो, शिवाय हिम कडक असतं. जड कामं तेव्हा काढायची.

गाडी आधी धरून ठेवा

खोदायच्या आधी, सामान उतरवायच्या आधी, गाडी आणखी खाली जाणार नाही याची सोय करायची. त्यासाठी अँकर लागतो. हिमात खुंटी ठोकून भागत नाही, काहीतरी पुरावं लागतं. याला सगळे डेडमॅनच म्हणतात.

दीड-दोन मीटरचा जाड लाकडी ओंडका घ्या. ओढीच्या दिशेला आडवा चर खणा, साधारण छातीइतका खोल. भेगेकडची भिंत उभी आणि साफ ठेवा, कारण सगळा भार तीच घेणार आहे. ओंडका तिला टेकवून तळाशी ठेवा, मध्यावर स्लिंग (भार पेलणारा जाड पट्टा) गुंडाळा. आता महत्त्वाचं: स्लिंग बाहेर यायला चराच्या पुढे एक अरुंद, तिरपी खाच कापा. खाच उथळ राहिली तर ओढ वरच्या दिशेने लागते. मी पहिल्यांदा अँकर पुरला तेव्हा खाचेचा कंटाळा केला होता. विंचने (दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने) ताण घेतल्याबरोबर ओंडका मुळा उपटावा तसा वर आला. गाडी दुसऱ्या अँकरवर होती म्हणून निभावलं. त्या दिवशी मला कुणी रागावलं नाही, फक्त फावडं परत हातात दिलं.

चर भरताना थराथराने तुडवा. मग थांबा, निदान तासभर. हिमाचे कण एकमेकांना चिकटायला वेळ लागतो, आणि थंडी जितकी कडक तितका जास्त. हे 'धरणं' डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक वाट बघत नाहीत. अँकरच्या पुढच्या हिमावर कुणी चालायचं नाही. तीच भिंत भुसभुशीत केलीत तर ओंडका कितीही जाड असला तरी उपयोग नाही.

एका अँकरवर कधीच विसंबायचं नाही. दोन पुरा आणि त्यांच्या दोऱ्या एका बिंदूत आणा. त्या दोऱ्यांमधला कोन लहान ठेवा. ६० अंशाला प्रत्येक अँकरवर एकूण भाराचे सुमारे ५८ टक्के येतात, ९० अंशाला ७१, आणि १२० अंशाला पूर्ण शंभर टक्के. म्हणजे दोन अँकर पुरून फायदा शून्य. हात पसरून बादली उचलून बघा, गणित न करता पटेल.

वजन उतरवणं, पण क्रमाने

मागे स्लेज जोडलेली असेल तर ती सोडायला धावू नका. कदाचित तीच गाडीला धरून बसली असेल. अँकरचे दोर ताणले गेले, गाडी त्यांच्यावर आली, याची खात्री झाल्यावरच स्लेज सोडून मागे घ्यायची. मग सामान, वरून खाली, साखळी करून.

इंधन पंपाने पिंपात काढून घ्या. उणे तीस अंशांतही ध्रुवीय इंधन द्रवच असतं. ते हातमोज्यात मुरलं की कातडी काही क्षणांत गोठते. पंप हाताळणाऱ्याने रबरी मोजे घालायचेच. अंटार्क्टिकात हा कायद्याचाही विषय आहे. पर्यावरण रक्षणाचा माद्रिद करार १९९१ मध्ये झाला आणि १९९८ पासून लागू आहे. गळती झाली तर ती लपवायची नाही, कळवायची आणि निस्तरायची.

खोदकाम

आता खरं काम. गाडी खेचून वर काढायची नसते, तिच्यासाठी रस्ता करायचा असतो. पाच टनांची गाडी सरळ वर उचलायची तर पाच टन ओढ लागेल. ४५ अंशांच्या उतारावर नुसत्या वजनापोटी साडेतीन टन, ३० अंशांवर अडीच. यात घर्षण आणि नांगरासारखं पुढे साचणारं हिम धरलेलं नाही. फावड्याचा एकेक तास विंचचा भार कमी करतो. चेन सॉ असेल तर हिमाच्या चौकोनी लाद्या कापून काढता येतात. फावड्याने भुगा उपसण्यापेक्षा ते कितीतरी जलद, आणि त्या लाद्या पुढे उपयोगी पडतात.

रस्ता कापायचा तो ओढीच्या दिशेत, शक्यतो आलेल्या वाटेकडे. भेगेचा लोंबता काठ पूर्ण तोडून टाकायचा, टणक भाग लागेपर्यंत. अर्धवट ठेवलेला काठ गाडीच्या वजनाखाली नेमका चुकीच्या वेळी तुटतो. भेग अरुंद असेल तर ट्रॅकच्या खाली लाद्या रचून पाचर करता येते. ती तुडवा आणि तिलाही धरायला वेळ द्या. खोदणारा प्रत्येक जण स्वतंत्र दोराला बांधलेला हवा, आणि गाडीच्या खालच्या बाजूला कुणीही जायचं नाही, दोराला असला तरी. पाळी वीस मिनिटांची ठेवा. हट्टी माणसं पाळी सोडत नाहीत, त्यांना ओढून बाजूला करा.

भेग रुंद असेल तर पूल टाकावा लागतो. ब्रिटिश संशोधक व्हिव्हियन फुक्स यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रकुल मोहिमेने १९५७-५८ मध्ये ९९ दिवसांत अंटार्क्टिका पार केला. त्या प्रवासाच्या सुरुवातीलाच त्यांची 'रॉक अँड रोल' नावाची स्नो-कॅट भेगेवर लटकली. या गाडीला चार स्वतंत्र ट्रॅक असतात, त्यामुळे ती दोन्ही काठांना अडकून राहिली. ॲल्युमिनियमचे पुलाचे तुकडे भेगेत ट्रॅकखाली बसवून, बाकीच्या गाड्यांनी ओढून तिला काढलं. आजही पद्धत फारशी बदललेली नाही. आधी ट्रॅकखाली काहीतरी भक्कम द्यायचं, मग ओढायचं.

ओढणं

वायररोप काठावरून जाणार असेल तर खाली ओंडका किंवा फळी द्या, नाहीतर तो सुरीसारखा हिमात रुतत जातो आणि ओढ भलत्या दिशेला लागते. कप्पी गाडीला लावून दोर परत अँकरवर आणला तर विंचची ओढ जवळजवळ दुप्पट होते, थोडी घर्षणात जाते. पण हीच कप्पी नुसती दिशा बदलायला अँकरवर लावली तर दुप्पट भार अँकरवर येतो. नवख्यांचा घोटाळा इथेच होतो. कप्पी कुठे आहे ते बघून भार कुणावर येणार ते मोठ्याने बोलून दाखवा, लाजू नका.

शॅकल (दोर जोडायची पोलादी कडी) फक्त भारक्षमता कोरलेलेच वापरा. कडक थंडीत पोलाद ठिसूळ होतं, जुनं ओरखडा पडलेलं हूक अशा वेळी दगा देतं. आणि झटका द्यायचा नाही. चिखलात रुतलेली गाडी झटक्याने सुटते, इथे झटक्याने काठ सुटतो.

गाडीचे ट्रॅक मोकळे फिरतात का, हे मेकॅनिकला आधी विचारून ठेवा. हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने ट्रॅक फिरवणाऱ्या, गाडीचं इंजिन बंद असेल तर ब्रेक लागलेले असतात आणि ती ओंडक्यासारखी घसटत येते. म्हणजे ओढ जास्त लागणार, अँकर त्या हिशेबाने हवेत.

हुकूम एकानेच द्यायचा. 'थांबा' मात्र कुणीही म्हणू शकतो, आणि तो शब्द ऐकला की कारण न विचारता थांबायचं. ताणलेल्या वायररोपवर मध्ये एखादं जड जॅकेट किंवा पोतं टाका, म्हणजे तो तुटला तर फटका कमी बसेल. तरीही दोराच्या रेषेत आणि कप्पीने होणाऱ्या कोनाच्या आत कुणी उभं राहायचं नाही. केबिनमध्ये शक्यतो कुणीच नको.

मग हळूहळू. अर्धा मीटर ओढा, थांबा. धरून ठेवणाऱ्या दोरातला सैलपणा काढा. अँकरच्या कडेला हिमात चीर पडलीये का बघा. पुन्हा अर्धा मीटर. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल इतकं हळू झालं तर काम बरोबर चाललंय. शेवटी गाडीचं पोट काठावर येतं आणि ती तराजूच्या दांडीसारखी डोलते. हाच क्षण सर्वांत नाजूक. सगळे ओरडू लागतात, म्हणून रेडिओवर एकच आवाज राहील असं आधीच ठरवून ठेवा.

काढायची नाही असं ठरलं तर

वादळ येतंय, अँकर धरत नाहीत, काठ पुन्हा पुन्हा तुटतोय, माणसं थकली आहेत. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी एकदम असतील तर मी थांबा म्हणेन. गाडी बांधून ठेवा, इंधन आणि तेल जमेल तेवढं काढा, झेंडे लावा आणि परत या. चांगल्या हवेत, जास्त माणसं घेऊन पुन्हा जाता येतं. हा निर्णय प्रमुखाचा असतो, पण थकव्याची खबर त्याला तुम्हीच द्यायची असते. तो स्वतःही थकलेला असतो आणि त्याला ते कळत नसतं.

गाडी वर आल्यावर

लगेच चालू करू नका. रेडिएटर, हवेचा फिल्टर आणि पट्ट्यांच्या चाकांमध्ये हिम ठासलेलं असतं, ते आधी काढा. हायड्रॉलिक होज, ट्रॅकचा ताण, दोन केबिनची गाडी असेल तर मधला सांधा, हे सगळं तपासा. अँकरचे ओंडके खणून काढा. ते सोडून यायचा मोह फार होतो, पण पुढच्या वेळी तेच लागतात.

शेवटी भेगेची नोंद. दोन्ही टोकं प्रोबने शोधून काळे झेंडे लावा आणि जीपीएसचे आकडे लिहा, पण आकड्यांपुढे तारीख लिहायला विसरू नका. हिमनदी वर्षाला काही मीटरपासून शेकडो मीटरपर्यंत सरकते. पुढच्या हंगामात तुमचे झेंडे भेगेबरोबर पुढे गेलेले असतील आणि वहीतला आकडा मागेच राहिलेला असेल. तारीख आणि सरकण्याचा वेग माहीत असेल तरच पुढच्या चालकाला कळेल की ब्रेक नेमका कुठे मारायचा.